शब्दचर्चा : ‘मास डिफेक्ट’ला दोष, क्षय, घट की तूट?

साखळीहून :
विज्ञान इंग्रजीतून आणि समजावणे मराठीतून, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. विशेष सापेक्षता आणि अणुऊर्जा यांवरच्या सुरुवातीच्या गणितांची मराठी टिपणे करतो आहे. सुट्या कणांच्या बेरजेपेक्षा जोडलेले केंद्रक जेवढे हलके भरते, त्या ‘मास डिफेक्ट’ला काय लिहावे? वस्तुमान-दोष, क्षय, घट, तूट असे पर्याय समोर आहेत. हिंदी पुस्तकांत ‘द्रव्यमान क्षति’ असते. रेस्ट मास, प्रॉपर टाइम आणि हाफ-लाइफ यांचेही जमल्यास सांगा.

फोंड्याहून :
‘दोष’ बाद, केंद्रकात काही बिघडलेले नाही. ‘क्षय’ही बाद, तो किरणोत्सारी क्षयाने आधीच अडवून ठेवला आहे. ‘घट’ म्हटले की काहीतरी हळूहळू कमी होत गेल्यासारखे वाटते. ‘तूट’ उत्तम, कारण तूट हिशेबातली असते: एका बाजूला सुट्या कणांची बेरीज, दुसऱ्या बाजूला जोडलेले केंद्रक. हिशेब म्हटला की दोन्ही बाजूंना एकच माप लागते आणि गणित फसते ते बहुतेक वेळा इथेच.

हेलियम-४ घ्या. तक्त्यांत बहुधा अख्ख्या अणूचे वस्तुमान दिलेले असते, इलेक्ट्रॉन धरून. म्हणून प्रोटॉनच्या जागी हायड्रोजनचा अणूच घ्यायचा. २ × १.००७८२५ अधिक २ × १.००८६६५, बेरीज ४.०३२९८० अणुवस्तुमान एकके. हेलियमचा अणू ४.००२६०३. तूट ०.०३०३७७. एका एककाची ऊर्जा ९३१.५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), म्हणून तिला ९३१.५ ने गुणले की बंधनऊर्जा २८.३ एमईव्ही, म्हणजे दर न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) ७.०७. आता कुणी नुसत्या प्रोटॉनचे १.००७२७६ घातले आणि हेलियम मात्र अणूचाच ठेवला, तर उत्तर २७.३ येते. फरक १.०२ एमईव्हीचा, बरोबर दोन इलेक्ट्रॉनांचा. उत्तर आसपासच असल्यामुळे चूक खपून जाते.

वजाबाकी होईपर्यंत दशांश स्थळेही छाटू नका. तीनच ठेवली तर तूट ०.०३१ आणि उत्तर २८.९.

काणकोणहून :
तूट मान्य. पण त्यामागोमाग ‘वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते’ हे वाक्य येतेच, आणि ते वाचून मुलांना वाटते की काही प्रोटॉन-न्यूट्रॉन जळून गेले. युरेनियम-२३५ ने एक न्यूट्रॉन गिळला आणि बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ व तीन न्यूट्रॉन निघाले, तर आधी २३६ न्यूक्लिऑन, नंतरही १४१ + ९२ + ३ = २३६. एकही गेला नाही. तुकडे अधिक घट्ट बांधलेले आहेत, म्हणून त्यांचे एकूण वस्तुमान ०.१८६ एककाने कमी भरते. त्याचे १७३ एमईव्ही होतात. पुस्तकातल्या ‘सुमारे २००’शी हे जुळत नाही म्हणून गणित खोडू नका. तुकड्यांचा पुढचा बीटा आणि गॅमा क्षय १७३ मध्ये धरलेला नाही, आणि युरेनियम दर वेळी याच दोन तुकड्यांत फुटतो असेही नाही.

आमच्या तालुक्याच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नडात कैगा आहे. तिथल्या अणुभट्ट्या प्रत्येकी २२० मेगावॉटच्या. कार्यक्षमता ३० टक्के धरा, म्हणजे उष्णता साधारण ७३० मेगावॉट. पूर्ण क्षमतेने दिवसभर चालली आणि सगळे विखंडन युरेनियम-२३५ चेच, दर वेळी सुमारे २०० एमईव्हीचे मानले, तर रोज सुमारे ७७० ग्रॅम युरेनियम फुटते आणि तूट असते फक्त ०.७ ग्रॅम. हे दोन आकडे एकमेकांत मिसळणे ही ठरलेली चूक. दुसरी चूक म्हणजे २२० मेगावॉटलाच प्रकाशवेगाच्या वर्गाने भागणे. तूट उष्णतेच्या हिशेबात काढायची, विजेच्या नव्हे.

फोंड्याहून :
‘बंधनऊर्जा’ या शब्दालाही तळटीप हवी. केंद्रकात साठवलेली ऊर्जा असा अर्थ घेतला की सगळे उलटे होते. ती केंद्रक सुटे करायला बाहेरून द्यावी लागणारी ऊर्जा. म्हणून युरेनियमची दर न्यूक्लिऑन ७.६ आणि तुकड्यांची ८.५ च्या आसपास असताना ऊर्जा बाहेर पडते.

म्हापशाहून :
रेस्ट मासला ‘विरामवस्तुमान’ चालेल, पण माझे मत विचाराल तर नुसते ‘वस्तुमान’ लिहा. वेगाबरोबर वाढणारे ‘सापेक्ष वस्तुमान’ टिपणांत आणलेच नाही, तर विराम हे विशेषण लागतच नाही. ते आणले की मुले गॅमापट (गॅमा म्हणजे वेगाबरोबर १ पासून वाढत जाणारा सापेक्षतेचा गुणक) वस्तुमान अर्धा-एम-व्ही-वर्गात घालून मोकळी होतात आणि तिथे उत्तर चुकते. गतिज ऊर्जा म्हणजे (गॅमा उणे १) × ०.५११ एमईव्ही, इलेक्ट्रॉनसाठी. ती १ एमईव्ही असेल तर गॅमा २.९६ आणि वेग प्रकाशाच्या ०.९४ पट. जुने सूत्र लावाल तर १.९८ पट येतो, तेव्हा चूक निदान ओरडून सांगते.

प्रॉपर टाइम : ‘स्वकाल’. ‘योग्य काळ’ मुळीच नको, कारण दुसऱ्याचे घड्याळ अयोग्य नसते. दोन्ही घटना ज्याच्यापाशीच घडतात, त्याच्या घड्याळावरचा काळ तो स्वकाल. गणितात आधी हेच शोधा, मग गॅमाने गुणायचे की भागायचे हा प्रश्न उरत नाही.

आता हाफ-लाइफ. ‘अर्धायुष्य’ रूढ आहे, बदलू नका. पण म्यूऑनच्या गणितात दिलेले २.२ मायक्रोसेकंद हे अर्धायुष्य नाही, सरासरी आयुष्य आहे. अर्धायुष्य १.५२. समजा म्यूऑन १० किलोमीटर उंचीवर जन्मला आणि प्रकाशाच्या ०.९९५ वेगाने मिरामारच्या वाळूकडे निघाला. गॅमा १०. आपल्या घड्याळाने प्रवास ३३.५ मायक्रोसेकंद, म्यूऑनचा स्वकाल ३.३५. सरासरी आयुष्य धरून घातांकी सूत्र लावले तर २२ टक्के म्यूऑन खाली पोचतात. तेच २.२ अर्धायुष्य समजून घातले तर ३५ टक्के. आणि सापेक्षता विसरलात तर एक कोटीत दोन-तीनच.

साखळीहून :
तूट, स्वकाल आणि अर्धायुष्य घेतो, सरासरी आयुष्याची वेगळी ओळ टाकतो. एमईव्ही मराठीत उलगडून लिहावे का?

फोंड्याहून :
पहिल्यांदा एकदाच ‘दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट’ लिहा, पुढे एमईव्ही. जीईव्ही आले तर तिथे अब्ज, कोटी नव्हे.