मदत हवी आहे: वेम्बान्यामाच्या पहिल्या सीझनची डंकनशी तुलना कोणत्या हिशोबाने करावी?

दोघेही एनबीएतल्या (अमेरिकन बास्केटबॉल लीग) सॅन अँटोनियो स्पर्सचे, दोघेही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) पहिला पिक. १९९७-९८ मध्ये टिम डंकन: ८२ सामने, सरासरी ३९.१ मिनिटं, २१.१ पॉइंट, ११.९ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू), २.५ ब्लॉक (अडवलेले शॉट). २०२३-२४ मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा: ७१ सामने, २९.७ मिनिटं, २१.४ पॉइंट, १०.६ रिबाउंड, ३.६ ब्लॉक.

३६ मिनिटांवर आणलं तर पॉइंट वेम्बान्यामाचे २५.९, डंकनचे १९.४. इथेच गडबड होते. हा हिशोब धरून चालतो की जास्त मिनिटं खेळूनही दम तसाच टिकेल. शिवाय तेव्हा लीगमध्ये सामन्याला एका संघाची साधारण ९० पझेशन (चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या) असायची, आता ९८ च्या वर. म्हणजे संधीच जास्त. म्हणून १०० पझेशनमागचे आकडे घ्यावेत असं वाटतं.

नेमबाजीचं काय? फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट) डंकनचे ५४.९ टक्के, वेम्बान्यामाचे ४६.५, पण डंकन थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) जवळपास टाकतच नसे. पॉइंट ÷ [२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो)] हे सूत्र पुरेसं आहे का?

आणि वयाचा फरक कसा धरता? पदार्पणाला डंकन २१ चा, वेम्बान्यामा १९ चा. डंकनसोबत संघात डेव्हिड रॉबिन्सनसारखा अनुभवी स्टार होता, तो मुद्दा तर कुठल्याच आकड्यात बसत नाही. ऑन-ऑफ (खेळाडू कोर्टवर असताना आणि नसताना संघाच्या कामगिरीतला फरक) वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.