«५० लाख घाला, चार वर्षांत वसूल» : हे गणित कुणी केलं?

रामबागी
परवा इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपवर एक पोस्ट फिरली. "पोराला इंजिनियरिंगला घालून आयुष्य वाया घालवू नका. पायलट करा. ५० लाख घाला, दोन वर्षं कोर्स, तिसऱ्या वर्षापासून महिन्याला ३ लाख, चौथं वर्ष संपेपर्यंत पैसे वसूल." खाली अंगठ्यांची रांग, आणि तिघांनी लगेच 'अ‍ॅडमिशनसाठी नंबर द्या' म्हटलंय. त्यातल्या एकाला मी ओळखतो. त्याच्याकडे राहतं घर सोडून काही नाही. म्हणून लिहितोय. लांबेल.

३ लाखांचा आकडा कुठे ना कुठे खरा असेल. 'तिसऱ्या वर्षापासून' ही शुद्ध थाप आहे.

माझ्या मुलाने २०१६ ला सुरुवात केली. लायसन्सला २०० तास उडावं लागतं, कागदावर दीड वर्षाचं काम. शाळेचं नाव विचारू नका. विमानं सहा, त्यांतली उडण्याजोगी तीन, पोरं साठाच्या वर. पावसाळ्यात ढग खाली, थंडीत धुकं, आणि हवा चांगली असली की विमानाचा कुठला तरी पार्ट यायचा असतो. पोरगं पहाटे पाचला युनिफॉर्म चढवून बाकावर बसायचं आणि बाराला फोन यायचा, "बाबा, आज पण नाही." फी आगाऊ भरलेली, खोलीभाडं आणि डबा चालूच. दीड वर्षाची साडेतीन झाली. लायसन्स हातात आलं जानेवारी २०२० ला. २५ मार्चला देशातली सगळी विमानं जमिनीवर.

बरं, लायसन्स कपाटात ठेवून भागत नाही. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडवायच्या परवानगीचा चेक दरवर्षी, आणि त्यासाठी विमानाचे तास पुन्हा विकत घ्या. म्हणजे नोकरी नसण्याचाही खर्च. त्या दोन वर्षांत माझा पायलट भंवरकुआंला एका क्लासमध्ये बारावीचं फिजिक्स शिकवत होता, महिना १२ हजारांवर. मग २०२२ ला एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायची परवानगी, १७ लाख वेगळे. नोकरी २०२३ ला, ट्रेनिंगभर ४० हजार स्टायपेंड. पूर्ण पगार पाहिला तो २०२४ उजाडल्यावर.

कर्ज होतं ४० लाखांचं, ११ टक्क्यांनी. नुसतं व्याज महिन्याला साडेछत्तीस हजारांच्या वर. स्टायपेंडमधून ते वजा करा आणि उरलेल्या तीन हजारांत गुडगावात राहून दाखवा. व्याज मी भरलं, पीएफ मोडून. राऊचा प्लॉट टाइप रेटिंगला गेला. हिच्या पाटल्या सराफ्यात गेल्या. दुपारी ज्या दुकानात त्या तोलल्या, रात्री त्याच्याच ओट्यावर गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची कढई लागते. तेव्हापासून ही सराफ्यात खायला येत नाही. कारण विचारलं तर म्हणते, तेल सोसत नाही.

आणि बँकेला तारण दिलं मेहुण्याच्या सुदामानगरच्या फ्लॅटचं, कारण आमच्या सामायिक वाड्याच्या कागदावर एका घरच्यांनी सही दिली नाही. असो.

भिया_३२०
काका, मान राखून सांगतो, तुमचे पैसे कोविडने खाल्ले, त्याचं बिल धंद्यावर फाडू नका. मी परदेशात गेलो, चौदा महिन्यांत २०० तास, परत येऊन तिकडचं लायसन्स इथलं करून घेतलं, सात महिन्यांत नोकरी. आज एफओ, म्हणजे कॅप्टनच्या शेजारचा सहपायलट आहे, निम्मं लोन फिटलंय. शंभर वर्षांत एकदा येणारी साथ धरून पोरांना घाबरवून राहिले तुम्ही.

रामबागी
शंभर वर्षांत एकदा? किंगफिशर २०१२ ला बसली, जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. दर वेळी हजारो-हजारो तासांची माणसं बाजारात येतात आणि २०० तासांच्या पोराच्या पुढे रांगेत उभी राहतात. तू मधल्या फटीतून आत शिरलास. आनंद आहे. फटीला रस्ता म्हणू नकोस.

बँकेतून_सुटलो
३१ वर्षं कर्ज विभागात काढली, म्हणून दोन शब्द. पहिलं, कोविडच्या सहा महिन्यांत हप्ता थांबला तेव्हाचं व्याजावरचं व्याज सरकारने भरलं होतं, शैक्षणिक कर्जालाही. ते रामबागींनी सोयीने गाळलं. दुसरं, साडेसात लाखांच्या वर तारण मागणारच, त्यात बँकेचा दुष्टपणा नाही. तिसरं, ज्याच्या जोरावर 'टॅक्स वाचतो' सांगतात त्या आयकराच्या ८०ई कलमात वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. तीही आठच वर्षं, व्याज भरायला लागल्यापासून मोजून. नव्या करपद्धतीत तर तीही नाही. त्या पोस्टवाल्याला यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही.

रामबागी
व्याजावरच्या व्याजाचे मिळाले होते. रक्कम सांगू? त्यात गराडूसुद्धा सगळ्यांना पुरले नसते.

धाकटी_पाती
'एका घरच्यांनी' म्हणजे आम्ही. सरळ नाव घे ना.

होय, नाही दिली सही. वाडा आपल्या दोघांच्या आजोबांचा, हिस्सेदार सात, त्यातले दोन नागपूरला, एक कॅनडात. उद्या तुझा पोरगा मेडिकलमध्ये नापास झाला असता तर बँकेचा माणूस माझ्या आईच्या देवघरासमोर येऊन उभा राहिला असता. त्याच्या नोकरीची हमी तू मला कशावर देत होतास? "डोळे चांगले आहेत" यावर!

रामबागी
तुझ्या दुकानाच्या सीसी लिमिटला, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाला, २००९ मध्ये आमच्या अण्णांनी सही केली होती. तेव्हा देवघर नव्हतं का वाड्यात?

धाकटी_पाती
ती सात लाखांची होती. आणि फेडली. वेळेआधी.

छप्पनवाली_मावशी
अहो, वाड्याची सही हा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या माहेरच्या वाड्याचं छप्पर तीन पावसाळे गळतंय. दुरुस्तीला पाच भाऊ एकत्र येत नाहीत, विकायला सहावा तयार नाही. भाडेकरू मात्र महिना ४० रुपये नेमाने देतो आणि वर पावती मागतो.

बँकेतून_सुटलो
सामायिक मालमत्ता तारण घ्यायची म्हणजे बँक सगळ्या हिस्सेदारांना प्रत्यक्ष बोलावते. माझ्यासमोर दोन सख्खे भाऊ सही करायला आले आणि पेन कुणी आधी धरायचं यावरून उठून गेले. आधी वाटणी करून घ्या, मग पोरांची स्वप्नं बघा.

नारायणबाग
वाटणी झाली की दुसऱ्या महिन्यात बिल्डर येतो. आमच्या गल्लीत आता एकच वाडा उरलाय, आणि तोही भांडण मिटत नाही म्हणून.

भिया_३२०
पायलटच्या पगारावर बोलत होतो ना आपण?

नारायणबाग
बोला की. डिसेंबर २०२५ मध्ये विमानं धडाधड रद्द झाली, माझी बहीण मुलासकट दोन दिवस पुण्याला अडकली. कारण काय, तर पायलट कमी. म्हणजे मागणी आहे! मग रामबागी रडतायत कशाला?

भिया_३२०
इथे मी काकांच्या बाजूने, नाइलाजाने. विश्रांतीचे नियम कडक झाले, आठवड्याला ३६ ऐवजी सलग ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. त्याला पुरतील एवढे पायलट रोस्टरला, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात नव्हते. आणि जास्त ओरड असते ती कॅप्टनची. कॅप्टन व्हायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्यालाच १५०० तास. वर्षाला हजाराच्या वर उडताच येत नाही, आणि कंपनीत अपग्रेडचा नंबर यायला आणखी वर्षं. २०० तासांवाली पोरं ढिगाने आहेत, पण त्यांना डावीकडच्या सीटवर बसवता येत नाही. टंचाई वरच्या मजल्यावर आहे आणि लोक जिन्याखाली गर्दी करून राहिले आहेत.

पगाराचंही सांगतो. तो ठराविक तासांच्या हमीवर बेतलेला असतो, जास्त उडालो तर वरचे. मागच्या पावसाळ्यात कान बसला, एकवीस दिवस अनफिट, त्या महिन्याची स्लिप बायकोला दाखवली नाही. सोडून दुसरीकडे जावं तर नोटीस एफओला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. वर बॉण्ड. पण काका, एवढं असूनही मी परत हेच करेन. माझा सॉफ्टवेअरवाला भाऊ पन्नाशीत घरी बसवतील म्हणून आत्तापासून धास्तावलाय. मला ६५ पर्यंत उडता येतं.

रामबागी
मेडिकल साथ देईल तोवर. वाक्य पूर्ण कर.

छप्पनवाली_मावशी
आणि डॉक्टरकी काय स्वस्त आहे? आमच्या जावेने मुलीच्या प्रायव्हेट एमबीबीएसला कोटीच्या जवळ घातले. पोरगी अजून पीजीच्या रांगेत.

रामबागी
मावशी, एमबीबीएस झालेली मुलगी रिकामी बसली तर गल्लीत दवाखाना टाकेल. रिकाम्या पायलटने काय करायचं, राजवाड्यासमोर विमान लावायचं?

छप्पनवाली_मावशी
लावलंच तर पार्किंगचे पैसे आपल्याकडे आधी घेतील. पण खरं सांगा, मुलगा आता सुखात आहे ना?

रामबागी
आहे. खोटं कशाला बोलू. पगार चांगला आहे, ५५ हजारांचा हप्ता तोच भरतो, अजून आठेक वर्षं भरेल. हिला नव्या पाटल्या करून देणार होता, ही म्हणाली आधी मामाचा फ्लॅट सोडव.

गेल्या महिन्यात त्याचं इंदूरचं रोस्टर लागलं. हिने पुरणपोळ्या केल्या, आम्ही एअरपोर्टला गेलो. जमिनीवर पस्तीस मिनिटं, त्याला बाहेर यायची सोय नाही. डबा आत जाईना. मग आम्ही रस्त्यावरून त्याचं विमान वर गेलेलं पाहिलं आणि पोळ्या गाडीतच खाल्ल्या.

पायलट होऊ नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. घर एकच असेल तर ते पणाला लावू नका, आणि सात-आठ वर्षं बिनपगाराची धरून चाला, एवढंच म्हणतोय. ज्यांनी नंबर मागितलाय त्यांनी आधी मला फोन करा.

धाकटी_पाती
इंदूरला आला होता आणि आम्हाला कळवलंही नाहीस. विमान आमच्याही गच्चीवरून दिसतं.

बाकी तुझे आकडे बरोबर असतील, मान्य. म्हणजे सही न देण्यात माझं काही चुकलं नव्हतं, हेही तूच सिद्ध केलंस. हिशोबाचाच विषय आहे तर वाड्याच्या बोअरिंगचे तुझे साडेतीन हजार अजून यायचेत.

रामबागी
पोळ्या चार उरल्या होत्या, त्या तुझ्या आईकडेच दिल्या. विचार तिला. बोअरिंगचे रविवारी देतो.