बोलणारे अस्वल आणि केळीच्या बागेतली धामण

प्रश्न (यावल)
‘द जंगल बुक’ हा १९६७ चा अ‍ॅनिमेशनपट पाहिल्यापासून माझा सात वर्षांचा मुलगा त्यातल्या ‘बाळू’ या अस्वलाचा चाहता झाला आहे. मात्र काल आमच्या केळीच्या बागेत धामण दिसताच त्याने दगड उचलला. नायकाचे सोबती प्राणी मुलांना निसर्गाचा आदर खरोखर शिकवतात का?

उत्तर (रावेर)
ताई, तो आदर बहुधा हसवणाऱ्या प्राण्यापुरताच राहतो. त्याच चित्रपटात ‘का’ हा अजगर मोगलीला गिळू पाहतो, तर किपलिंग यांच्या १८९४ च्या पुस्तकात तोच अजगर माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवायला धावतो. हा फरक मुलाला गोष्टीतूनच सांगावा आणि बिनविषारी धामण उंदीर खाऊन बागेची राखणच करते, हेही बांधावर बसून समजवावे.

उत्तर (चोपडा)
थोडी असहमती नोंदवतो. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’मध्ये काचेच्या टाकीत अडकलेला मासा समुद्रात परततो, प्राण्याचे घर कोणते, हे चित्रपटालाही सांगता येते. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या मुलांना ते लवकर उमगते, असा माझा समज आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार, दादा. धामणीचे नाव त्याने आता ‘का’ ठेवले आहे.