भूऔष्णिक विहिरींना तेलविहिरींइतकी सवलत द्यावी का?

रेनोकर
अमेरिकेच्या पश्चिमेला केंद्र सरकारची जमीन अफाट आहे. एकट्या नेवाडात सुमारे 80 टक्के. जमिनीखालची उष्णताही याच भागात वर आलेली आहे. त्यामुळे भूऔष्णिक वीज काढायची तर या जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (बीएलएम) या केंद्रीय खात्याचं दार ठोठवावंच लागतं. भाडेपट्टा, चाचणी विहीर, उत्पादन विहिरी, वीजकेंद्र, पारेषण वाहिनी... एकाच प्रकल्पाचा पर्यावरणीय आढावा सहा वेळांपर्यंत होऊ शकतो आणि वीज मिळेपर्यंत सात ते दहा वर्षं जातात.

तेल आणि वायूचं काय? 2005 च्या ऊर्जा धोरण कायद्याने ठरावीक अटींत बसणाऱ्या त्यांच्या विहिरींना सविस्तर आढाव्यातून सूट दिली. तीच सूट भूऔष्णिक विहिरींना देणारं विधेयक नोव्हेंबर 2024 मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडलं. हवा तापवणाऱ्या इंधनाला मोकळी वाट आणि रात्रंदिवस मिळणाऱ्या स्वच्छ विजेला हेलपाटे, हा सरळ अन्याय आहे. हा कायदा व्हायलाच हवा.

माळरान
तेलाला चुकीची सूट मिळाली म्हणून तीच चूक सगळ्यांना वाटायची? मी तर म्हणेन तेलाचीच काढून घ्या.

डिक्सी मेडोज आठवा. नेवाडातल्या या उष्ण झऱ्यांच्या पाणथळीशेजारच्या प्रकल्पाला बीएलएमने नोव्हेंबर 2021 मध्ये मंजुरी दिली, तीही प्रभावाचा संपूर्ण अहवाल न करता, छोट्या मूल्यमापनावर. जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारा एक भेक, डिक्सी व्हॅली टोड, याच पाणथळीत जगतो. एप्रिल 2022 मध्ये वन्यजीव खात्याला त्याला तातडीने संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. एक खातं परवाना देतं आणि दुसरं धोक्याची घंटा वाजवतं! फॅलन पायूट-शोशोनी या तिथल्या मूळनिवासी जमातीसाठी ते झरे पवित्र आहेत. त्यांना कोर्टात जावं लागलं. गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या कुंडांत डोकं बुडवून आलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

रेनोकर
जमातीचं म्हणणं मला मान्य आहे. पण एका डिक्सी मेडोजपायी सगळा पश्चिम भाग अडवून धरायचा?

माळरान
एक नाही. नेवाडातल्याच जर्सी व्हॅलीत भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाल्यावर तिथला उष्ण झरा आटला.

खडकतज्ज्ञ
दोघंही जुन्या पद्धतीबद्दल बोलताय. नैसर्गिक गरम पाण्याचा साठा शोधून त्यावरच केंद्र उभारायचं, ही ती पद्धत. झऱ्याला धोका तिथे खरा असतो. युटाच्या बीव्हर काउंटीत फर्व्हो कंपनी आडव्या विहिरी खोदून, तप्त ग्रॅनाइटला भेगा पाडून, वरून सोडलेलं पाणी तापवून परत घेते. तिथे जवळ झरा असायची गरजच नाही. बीएलएमने ऑक्टोबर 2024 मध्ये या प्रकल्पाला दोन गिगावॉटपर्यंतची मंजुरी दिली. अमेरिकेची आजची सगळी भूऔष्णिक क्षमता चार गिगावॉटच्या आत आहे, यावरून आवाका लक्षात घ्या. भूकंपाचे बारीक धक्के आणि पाण्याचा वापर यांवर लक्ष ठेवावंच लागेल. पण झरा आटण्याची भीती सरसकट सगळ्यांना लावू नका.

माळरान
मग कायद्यात तसा फरक करा ना! 2024 च्या विधेयकाने जुनी पद्धत आणि नवी पद्धत एकाच सवलतीत टाकली. झऱ्यांपासून किमान अंतर आणि खोदाईआधी पाण्याच्या वर्षभराच्या नोंदी, एवढं मसुद्यात लिहा. माझा विरोध संपला.

रेनोकर
वर्षभराच्या नोंदी मान्य. त्या कंपनीच्या खर्चाने व्हाव्यात आणि सगळ्यांना पाहता याव्यात, हेही घाला. सहा आढाव्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

खडकतज्ज्ञ
नोंदींना माझाही पाठिंबा. अंतराची अट मात्र फसवी आहे. भूगर्भातलं पाणी भेगांमधून वाहतं. पाच मैलांवरची विहीर झऱ्याला जोडलेली असू शकते आणि हाकेच्या अंतरावरची नसूही शकते. ते कळायला आधी एक चाचणी विहीर खोदावी लागते. म्हणून सूट द्यायची तर त्या पहिल्या विहिरीला द्या. उत्पादनाच्या विहिरींचा निर्णय तिच्यातून काय कळतं ते पाहून घ्या.

माळरान
चाचणीपुरती सूट चालेल. पण ती देताना जमातीला विचारणं वगळलेलं असेल, तर मी विरोधातच आहे.