घरच्या ब्रॉडबँडवर अपलोड का अडखळते? सोलापूरकरांचे अनुभव

गेल्या महिन्यात पुण्यातल्या मुलीला घराच्या कागदपत्रांची ४०० मेगाबाइटची फाइल पाठवायला मला पाऊण तास लागला. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत सौभाग्यवती मोठ्या पडद्यावर विनाअडथळा मालिका पाहत होत्या. "नेट तर छान चालले आहे, मग तुमचेच काय अडले?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. हिशेब मांडला तेव्हा वेग सेकंदाला जेमतेम १.२ मेगाबिट निघाला. प्लॅन मात्र दोन्ही बाजूंनी ४० मेगाबिटचा होता.

दोष घरातच होता. मी मागच्या खोलीत, राउटर पुढच्या खोलीत आणि मध्ये जुन्या वाड्याची दगडी भिंत. राउटरचा आवाज मोठा असतो, तो भिंतीपलीकडे ऐकू येतो. लॅपटॉपचा आवाज बारीक, तो राउटरपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे वायफाय अशक्त झाले की बहुधा आधी अपलोड मार खाते. लॅपटॉप वायरने राउटरला जोडल्यावर तीच फाइल दीड मिनिटात गेली. आपल्यापैकी अनेकांना असे अनुभव आले असतील. तपास कसा केला, काय चुकले आणि शेवटी काय सापडले, ते सविस्तर लिहावे. कंपनीचे नाव कृपया लिहू नये. दोष कुठे होता हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

साखर पेठ, टॉवेलचा कारखाना

आमचे घर वर आणि खाली यंत्रमाग. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना नव्या डिझाइनचे फोटो आणि व्हिडिओ रोज पाठवावे लागतात. दिवाळीनंतर अपलोड एकदम कोसळले. डाउनलोड ९० मेगाबिट आणि अपलोड कधी ३, कधी शून्य. राउटर बदलला, वायर बदलली, दोनदा रीसेटही केले. फरक पडला नाही.

लाइनमन आला, त्याने मीटर लावला आणि "साहेब, प्रकाश उणे २२ येतोय, लाइन ठीक आहे" असे सांगून तो गेला. या आकड्याचा अर्थ मला नंतर कळला. तो प्रकाशाची ताकद सांगतो. उणे २७-२८ च्या खाली गेले की घरातली डबी, म्हणजे फायबर ज्याला जोडतात ते यंत्र, अडखळू लागते, म्हणून उणे २२ हा आकडा चांगलाच होता. पण तो कंपनीकडून आमच्याकडे येणाऱ्या प्रकाशाचा होता. फायबरच्या एकाच तारेत येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो आणि आपल्याकडून जाणारा १३१० चा. आमचा प्रकाश तिकडे किती पोहोचतो, हे फक्त कंपनीच्या टोकाला दिसते. तिसऱ्या वेळी आलेल्या मुलाने ते तिकडून फोनवर विचारून घेतले, तेव्हा जाणारा प्रकाश फारच क्षीण असल्याचे कळले.

कारण ऐकून मलाच ओशाळल्यासारखे झाले. मध्यंतरी रंगकाम झाले तेव्हा आमच्या कामगाराने डबीतला हिरवा कनेक्टर काढला, त्यावर फुंकर मारली आणि परत खोचला. मागाच्या शेडमध्ये हवेत सतत कापसाचे तंतू उडत असतात, त्यात फुंकरीची ओल. त्या मुलाने स्पिरिट आणि खास पुसणीने टोक स्वच्छ केले, डबीतही पेनासारखे साधन घालून आतले टोक पुसले आणि पाच मिनिटांत अपलोड ८५ वर आले. आता डबी वर, बंद कपाटात आहे आणि त्या कनेक्टरला हात लावायची सर्वांना मनाई आहे.

सात रस्ता, लग्नाचे छायाचित्रण

माझी अडचण दोषाची नव्हती, गैरसमजाची होती. एका लग्नाचे ६० गिगाबाइट साहित्य अल्बमवाल्याला पाठवायचे होते. प्लॅन "१०० चा" असल्याने दीड तासात जाईल असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात त्या प्लॅनमध्ये अपलोड ५ मेगाबिट होते, हे बारीक अक्षरात लिहिलेले मी वाचलेच नव्हते. वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्या हिशेबाने ६० गिगाबाइटला जवळपास २७ तास लागतात आणि तितकेच लागले. आता अपलोड ५० देणारा प्लॅन घेतला आहे. तेवढेच साहित्य पावणेतीन तासांत जाते. नवीन लाइन घेणाऱ्याने "अपलोड किती?" हा प्रश्न वेगळा विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

जुळे सोलापूर, शिक्षिका

मी संध्याकाळी दहावीच्या मुलांचे ऑनलाइन वर्ग घेते. सात वाजून गेले की मुले म्हणत, "बाई, आवाज तुटतोय." वेग मोजला तर दुपारी पूर्ण १० मेगाबिट अपलोड मिळायचे, म्हणून तक्रार करायलाही तोंड नव्हते.

एके दिवशी वर्ग चालू असताना घरातल्यांचे फोन एकेक करून वायफायवरून काढले. यजमानांचा फोन काढताच आवाज साफ झाला. ते सातला कार्यालयातून येतात, फोन चार्जिंगला लावतात आणि वायफाय मिळताच दिवसभराचे फोटो व व्हिडिओ आपोआप वर चढू लागतात. अपलोडचा रस्ता आधीच अरुंद. तो भरला की राउटरमध्ये रांग लागते आणि माझ्या आवाजाचे तुकडे त्या रांगेत उभे राहतात. गंमत अशी की त्या वेळी डाउनलोडही मंद वाटायचे, कारण आलेल्या माहितीची पोचही त्याच भरलेल्या रस्त्याने परत जाते.

भाच्याने राउटरच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा ९ मेगाबिट ठेवली आणि माझ्या लॅपटॉपला अग्रक्रम दिला. मुद्दाम थोडे कमी ठेवल्याने रांग कंपनीच्या डबीत न साचता राउटरच्या ताब्यात राहते, असे त्याने समजावले. फोटोंचा बॅकअप आता रात्री होतो. यजमानांना हे अजूनही पटलेले नाही.

शेळगी

वरच्या ताईंचा अनुभव वाचून मीही घरातली उपकरणे तपासली. चार कॅमेरे, प्रत्येकी २ मेगाबिट, चोवीस तास चित्रण परगावच्या सर्व्हरवर जात होते. १० पैकी ८ तिथेच संपत होते! कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घातले आणि फक्त हालचाल झाली तरच पाठवायचे असे ठरवले. प्रश्न मिटला.

रेल्वे लाइन्स, निवृत्त दूरसंचार कर्मचारी

तांब्याच्या जुन्या टेलिफोन तारेवर अजूनही कोणी असल्यास त्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. त्या तंत्रातच डाउनलोडला मोठा आणि अपलोडला लहान हिस्सा दिलेला असतो. चांगल्या लाइनवरही अपलोड एक मेगाबिटच्या आसपासच राहते. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरले की तेही जाते.

कुंभारी, वसाहतीतील घर

आमच्याकडे फायबर आलेली नाही, म्हणून फाइव्ह-जी वर चालणारा राउटर घेतला. डाउनलोड १५०, अपलोड ४. या लहरींवर येणे आणि जाणे एकाच पट्ट्यात आळीपाळीने होते आणि येण्याला वेळेचा मोठा वाटा ठेवलेला असतो, त्यामुळे थोडा फरक राहणारच. पण राउटर टीव्हीशेजारच्या कोनाड्यातून टॉवरच्या दिशेच्या खिडकीत हलवला आणि अपलोड १८ झाले. मे महिन्यात मात्र त्या खिडकीत दुपारचे ऊन थेट येते आणि राउटर तापून बंद पडतो, म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला आहे. दिसायला वाईट आहे.

विजापूर रोड

माझा अनुभव लांबलेला आहे. सकाळी अपलोड ४०, रात्री आठ ते अकरा ३ किंवा ४. घरात काहीच चालू नसे आणि लॅपटॉप वायरने जोडलेला असे, म्हणून दोष बाहेर असल्याची खात्री होती. फोनवर प्रत्येक वेळी "राउटर बंद करून चालू करा" एवढेच उत्तर मिळे आणि तक्रार सुटल्याचा संदेश येई.

मग नऊ दिवस वहीत नोंदी केल्या : तारीख, वेळ, वायरने की वायफायने, डाउनलोड, अपलोड, तक्रार क्रमांक. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ मेगाबिट अशी आहे, पण ती डाउनलोडची; अपलोडबद्दल ती काही सांगत नाही. त्यामुळे नियमावर बोट ठेवण्याऐवजी प्लॅनमध्ये लिहून दिलेल्या ४० च्या आकड्यावर बोट ठेवले. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याला शुल्क नसते. तिथे वहीची छायाचित्रे जोडली.

बाराव्या दिवशी एक अभियंता स्वतः घरी आला. आमच्या भागातील सर्व घरांची माहिती पुढे नेणारी जोडणी संध्याकाळी पूर्ण भरत असल्याचे त्याने मान्य केले आणि आठवड्याभरात ती वाढवून दिली. आता रात्री नऊलाही ३८ मिळतात. रविवारी रात्री मात्र आकडा अजून २५ पर्यंत उतरतो, म्हणून वही मी बंद केलेली नाही.