सकाळी गारठा, दुपारी ऊन : साडीवर नीटनेटके दिसेल असे उबदार काय घालावे?

प्रश्न (परभणी)
नमस्कार. मी रोज सकाळी साडेसहाला स्कूटीवरून चौदा किलोमीटरवरच्या शाळेत शिकवायला जाते. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीतला पारा एक आकडी झाला की वर्तमानपत्रांत परभणीचे नाव येते. ती बातमी वाचायच्या आधीच माझी बोटे ब्रेकवर बधिर झालेली असतात. आईने विणलेला जाड स्वेटर साडीवर घातला की पदर फुगतो आणि मी गाठोड्यासारखी दिसते. शिवाय अकरानंतर ऊन तापू लागले की तोच स्वेटर हातावर टाकून वर्गावर्गांतून फिरावे लागते. शाळेत साडीच नेसायची आहे. जानेवारीत नांदेडला मोकळ्या लॉनवर भाचीचे रात्रीचे रिसेप्शनही आहे. दोन्हींसाठी काय सुचवाल?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
ताई, आपल्याकडची थंडी साडेनऊ-दहापर्यंतची, पुन्हा दिवस मावळल्यावरची. मधल्या वेळात हाफ बाहीसुद्धा चालते. त्यामुळे वर काय घालायचे यापेक्षा ते काढल्यावर आत काय दिसणार आहे, हे आधी ठरवावे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये अडकलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अंगालगत पातळ थर्मल, त्यावर नेहमीचा ब्लाउज, आणि गाडीवर तेवढे वारा अडवणारे चेनचे जर्किन, असा क्रम ठेवा. विणलेल्या स्वेटरमधून वारा सरळ आत शिरतो. गाडीवर निम्मी थंडी या वाऱ्याचीच असते. परकराऐवजी, किंवा त्याच्या आत, लोकरी लेगिंग घातली तर बाहेरून कोणाला कळतही नाही. हातमोजे मात्र मनगटावर लांब असलेलेच घ्यावेत. बाही आणि मोजा यांच्यामध्ये उरलेल्या दोन बोटांच्या फटीतून सगळा गारठा कोपरापर्यंत चढतो.

उत्तर २ (नांदेड, शिवणकाम करते)
वरच्या सल्ल्यात एक भर घालते. हिवाळ्याच्या ब्लाउजचे माप थर्मल अंगात घालूनच द्यावे. दरवर्षी माझ्याकडे चार-पाच जणी जानेवारीत काखेत उसवलेले ब्लाउज घेऊन येतात, त्याचे कारण एवढेच असते. पूर्ण बाही, बंद गळा आणि आतून सुती फ्लॅनेलचे अस्तर असा गडद रंगाचा एकच ब्लाउज शिवून घेतला तर तो तीन-चार साध्या साड्यांवर शोभतो आणि वरून स्वेटर लागत नाही. दुपारचे उकडणे थोडे सोसावे लागेल, हेही सांगून ठेवते.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)
रिसेप्शनसाठी दुसरीकडे कशाला पाहायचे? आपल्याकडची हिमरू शाल घ्या. सुती ताणा आणि रेशमी बाणा असे हे विणकाम किनखापासारखे दिसते, मात्र त्यात सोन्या-चांदीची जर नसते. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या विणकरांशी ही कला जोडली जाते. खरेदी करताना शाल उलटी करून पाहावी. हातमागावरच्या हिमरूच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबते-पसरलेले दिसतात, आणि त्या धाग्यांच्या थरामुळेच ती दिसते त्यापेक्षा उबदार लागते. पैठणी नेसणार असाल तर शाल एकाच रंगाच्या जमिनीची, बारीक बुट्ट्यांची घ्यावी, नाहीतर काठ आणि शाल यांचे भांडण होते.

तरीही लॉनवर रात्री दहानंतर हिमरू एकटी पुरेल असे मला वाटत नाही. आत थर्मल हवेच.

लोकरीची शाल घेणार असाल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरा होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. दुकानदाराला विचारूनच हे करावे.

उत्तर ४ (बीड)
गाडीवरच्या शालीविषयी कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो : स्कूटीवर शाल पांघरून बसू नये. पदर आणि शाल, दोन्ही चाकात जायला टपलेले असतात. शाल डिक्कीत ठेवावी आणि पदर कमरेला खोचून त्यावर जर्किनची चेन लावावी. माझ्यापुरते म्हणाल, तर मी घोंगडीच्या कापडाचे बिनबाह्यांचे जाकीट शिवून घेतले आहे. चिंचोक्याची खळ दिलेले ते काळे कापड पहिल्या वर्षी फार टोचते, पण वारा मुळीच आत येऊ देत नाही. घरचे मला त्यात मेंढपाळ म्हणतात, आणि माझी त्याला हरकत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर (आठवड्यानंतर)
सर्वांचे आभार. थर्मल, लेगिंग आणि जर्किन अशी सोय केली. शाळेत पोहोचल्यावर जर्किन डिक्कीत जाते आणि मी पुन्हा साडीत दिसते. जुना ब्लाउज थर्मलवर काखेत खरोखरच उसवला, म्हणून नवीन माप दिले आहे. हिमरूसाठी येत्या रविवारी संभाजीनगरला जाणार आहे. तूर्त राणी रंगाच्या पैठणीवर राखाडी चांगली दिसेल की मोरपंखी, यावर घरात दोन तट पडले आहेत. आईचा स्वेटर घरी पहाटे चहा करताना घालते.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)
राखाडी. मोरपंखी त्या लॉनवर निम्म्या जणींच्या अंगावर असेल.