गाणारं कोणी नाही, मग लोकांना धरून कसं ठेवायचं?

प्रश्न: मी नुसतं गिटार वाजवतो, गात नाही. काल तिसरी रचना सुरू होईपर्यंत पुढची रांग मोबाईलमध्ये. सात मिनिटांचा सोलो डोळे मिटून वाजवला. उघडले तर दोन खुर्च्या रिकाम्या!

प्रतिसाद: सात मिनिटं? द शॅडोज या ब्रिटिश बँडची १९६० ची 'अपाचे' ही नुसत्या वाद्यांची रचना तीन मिनिटांचीही नाही. धून आधी गुणगुणून बघा. जिथे तुमचा श्वास संपतो, तिथे बोटंही थांबवा.

प्रतिसाद: धून दुसऱ्यांदा येते तेव्हा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा, पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) बाजूला ठेवून अंगठ्याने वाजवा. आवाज उतरला की माना वर होतात. आणि डोळे उघडे ठेवा हो!

प्रश्नकर्ता: अंगठ्याचं घरी करून पाहिलं. मांजर उठून गेलं नाही, एवढं खरं.